अनेक हात, एक नोंद : प्रस्तावना

चाकूर तालुक्यात लातूर रोड हे जंक्शन आहे. विकाराबादहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लातूर-कुर्डुवाडीचा फाटा इथे मिळतो, त्यामुळे हैदराबादला कामाला असलेला आणि मुंबईला शिकणारा, दोघेही या स्टेशनचं नाव ओळखून असतात. शयनयान वर्गाचं तत्काळ तिकीट हवं असेल तर आदल्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसावं लागतं, आणि नेमक्या त्याच मिनिटाला देशभरातले असंख्य प्रवासी तेच करत असतात. आयआरसीटीसीने ऑनलाइन तिकीटविक्री २००२ मध्ये सुरू केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत गर्दी इतकी वाढली की मिनिटाला सुमारे २,००० तिकिटं काढणारी जुनी यंत्रणा अपुरी पडू लागली. २०१४ मध्ये रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने नवी यंत्रणा उभी केली आणि तिची क्षमता मिनिटाला ७,२०० तिकिटांची असल्याचं जाहीर झालं. या बदलात ‘जेमफायर’ नावाच्या सॉफ्टवेअरला महत्त्वाची जागा होती. सतत लागणारी माहिती डिस्कवर न शोधता थेट मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, नावानिशी ठेवायची आणि नावानिशी काढायची, एवढंच त्याचं मूळ काम. ते बनवणाऱ्या जेमस्टोन सिस्टिम्स या कंपनीचं एक विकास केंद्र पुण्यात होतं. म्हणजे मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचं काही कारण नाही. तो रोज या यंत्रांशी बोलतो आणि ती घडवण्यातही इथल्या माणसांचा हात आहे. फक्त त्यांच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं असतं, हे मराठीत नीट मांडलेलं फारसं सापडत नाही. हे पुस्तक ती उणीव भरून काढण्यासाठी आहे.

पुस्तकाचा विषय आहे रेडिस हा असाच मेमरीतला साठा आणि त्याच्या प्राथमिक कमांड. अशा साठ्यात प्रत्येक नोंदीला एक नाव असतं आणि त्या नावासमोर एक मूल्य. ‘सेट’ने मूल्य ठेवायचं, ‘गेट’ने वाचायचं, ‘डेल’ने पुसायचं. रॅममधून माहिती उचलायला सेकंदाच्या एक कोट्यांशाच्या आसपास वेळ लागतो, तर फिरत्या डिस्कवर तीच माहिती शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग जाऊ शकतो. हा लाखपटीचा फरक आहे. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात आणि वेग हेच या साठ्यांचं सार म्हणून सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. वेग मेमरीतून येतो, कमांडमधून येत नाही. कमांड जन्माला आल्या त्या वेगळ्या अडचणीतून: एकाच नोंदीला एकाच वेळी अनेक हात लागतात तेव्हा काय करायचं. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ‘मेमकॅश्ड’ लिहिलं. त्यात ठेवणं, वाचणं आणि पुसणं तर होतंच, पण ‘नाव रिकामं असेल तरच ठेव’, ‘आकडा एकाने वाढव’ आणि ‘इतक्या सेकंदांनी विसर’ हेही होतं. जेमफायरमध्ये ‘नसेल तरच ठेव’ ही सोय आहे. २००९ मध्ये आलेल्या रेडिसमध्ये या सगळ्या क्रिया आहेत. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या कामांसाठी बनलेल्या या साठ्यांमध्ये पुन्हा पुन्हा त्याच चार-पाच क्रिया याव्यात, हा योगायोग नाही. सामायिक नोंद सांभाळायची तर एवढे निर्णय घ्यावेच लागतात, म्हणून त्या तिथे आहेत. त्यामुळे प्रत्येक कमांड शब्द म्हणून पाठ न करता निर्णय म्हणून समजून घ्यावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे.

सर्वांत साधा पुरावा एका उरलेल्या जागेचा. समजा एका बसच्या शिल्लक जागांचा आकडा आपण साठ्यात ठेवला आहे आणि तो आता १ आहे. चाकूरच्या प्रवाशासाठी चालणारा प्रोग्राम ‘गेट’ करतो, त्याला १ दिसतो. त्याच क्षणी अहमदपूरच्या प्रवाशाचा प्रोग्रामही ‘गेट’ करतो, त्यालाही १ दिसतो. दोघेही मनाशी वजाबाकी करतात आणि दोघेही ‘सेट’ने ० लिहितात. साठ्यात चूक दिसत नाही, शून्य बरोबरच आहे. फक्त एका आसनाची दोन तिकिटं विकली गेली आहेत. ‘डेकर’ ही कमांड नेमकी यासाठी आहे. ती वाचणं, वजा करणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं एका घासात करते आणि उरलेला आकडा उत्तरात परत देते. ज्याला ० मिळाला त्याला जागा मिळाली, ज्याला उणे १ मिळाला त्याने ‘इन्कर’ने आकडा पुन्हा एकाने वाढवून माफी मागायची. हे शक्य होतं, कारण रेडिस सगळ्यांच्या कमांड एकाच रांगेत, एकामागून एक चालवतो. दोन कमांडची सरमिसळ होतच नाही. ‘गेट’ आणि मग ‘सेट’ लिहिणाऱ्याने आणि ‘डेकर’ लिहिणाऱ्याने वरवर सारखंच काम केलं, पण पहिल्याने दोन कमांडच्या मध्ये एक फट ठेवली आणि दुसऱ्याने ती बंद केली. नवशिक्याला ही फट दिसू लागली की तो कामाचा झाला.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. मिनिटाला हजारो तिकिटं रेल्वे काढते. तालुक्याच्या गावातल्या शाळेला, पतसंस्थेला किंवा दवाखान्याला एवढ्या यंत्रणेची गरज काय? पन्नास माणसं वापरणार असतील अशा ॲपला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा नेहमीचा डेटाबेस पुरेसा असतो. हे मी मान्य करतो. मेमरीतला साठा गरज नसताना जोडला तर सांभाळायला एक यंत्र वाढतं आणि दोन ठिकाणच्या माहितीत तफावत पडण्याची नवी शक्यता तयार होते. पण वरच्या उदाहरणात माणसं किती होती ते पाहा. दोन. एका नोंदीवर दोन हात पडायला लाखोंची गर्दी लागत नाही. तोच प्रश्न पोस्टग्रेसमध्येही येतो, तिथे व्यवहार आणि कुलपं यांच्या वेगळ्या भाषेत तो सोडवावा लागतो. रेडिसमध्ये हीच गोष्ट एका ओळीत, उघड्यावर दिसते. उद्या रेडिस न वापरणाऱ्या माणसानेही त्याच्या कमांड शिकाव्यात, असं मला वाटतं ते यामुळे.

दुसरा निर्णय विसरण्याचा आहे, आणि या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच. नेहमीचा डेटाबेस आठवण ठेवण्यासाठी बांधलेला असतो, तिथे पुसणं हे वेगळं काम असतं. इथे नोंदीचं आयुष्य ती ठेवतानाच किंवा नंतर ‘एक्सपायर’ने ठरवता येतं. मोबाइलवर येणारा ओटीपी हे त्याचं रोजचं उदाहरण. तो पाच मिनिटांनी निरर्थक व्हायला हवा, म्हणून ३०० सेकंदांचं आयुष्य देऊन तो ठेवायचा. किती वेळ उरला हे ‘टीटीएल’ सांगते. उत्तर उणे १ आलं तर नोंद आहे पण तिला मुदत नाही, उणे २ आलं तर नोंदच नाही. हे दोन आकडे एकसारखे वाटतात आणि नवशिके ते एकाच खणात टाकतात, पण पहिला धोक्याचा इशारा आहे आणि दुसरा बहुधा सगळं ठीक असल्याची खूण. कारण मुदत नकळत हरवू शकते. मुदत लावलेल्या नोंदीवर पुन्हा साधा ‘सेट’ केला की जुनी मुदत पुसली जाते. ती राखायची तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. ‘इन्कर’ मात्र मुदतीला हात लावत नाही. आता चुकीचा ओटीपी किती वेळा टाकला हे मोजायचं आहे असं समजा. प्रोग्राम ‘इन्कर’ करतो आणि पुढच्या ओळीत ‘एक्सपायर’ लावतो. या दोन ओळींच्या मध्ये प्रोग्राम बंद पडला तर मोजणी राहते आणि मुदत लागत नाही. चुकांची मर्यादा गाठलेला माणूस मग आपल्याच खात्याबाहेर कायमचा अडकू शकतो आणि यंत्रात कुठेही चूक नोंदवलेली नसते. उपाय असा की आधी मुदतीसह शून्य ठेवायचा, तोही नाव रिकामं असेल तरच, आणि मग वाढवायचं. दोन कमांडमधली ही फट रेडिसच्या कर्त्यांनाही बोचत होती. ‘नसेल तरच ठेव’ आणि ‘मुदत लाव’ या पूर्वी दोन वेगळ्या कमांड होत्या; २.६.१२ या आवृत्तीपासून दोन्ही गोष्टी ‘सेट’लाच जोडून एका दमात सांगता येऊ लागल्या. कमांडचा इतिहास असा वाचला की ती तशी का आहे ते कळतं, आणि कळलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

रेडिसचा जन्मही अशाच एका नेमक्या गरजेतून झाला. इटलीतल्या सिसिलीचे साल्वातोरे सॅनफिलिप्पो संकेतस्थळांवर येणाऱ्यांची ताजी नोंद दाखवणारी एक सेवा चालवत होते. प्रत्येक संकेतस्थळासाठी शेवटच्या ठरावीक भेटी तेवढ्या ठेवायच्या, नवी आली की सर्वांत जुनी गळायची. नेहमीच्या डेटाबेसला सततचं हे लिहिणं आणि पुसणं झेपेना, म्हणून त्यांनी मेमरीत यादी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम टीसीएल भाषेत लिहून पाहिला आणि मग तो सी भाषेत नव्याने घडवला. आजही ‘एलपुश’ने यादीच्या तोंडाशी नवी नोंद घालायची आणि ‘एलट्रिम’ने शेपूट छाटायची, ही जोडी तेच काम करते. यादीनंतर संच आले, गुणांनुसार आपोआप लागलेले क्रमवार संच आले आणि एका नावाखाली अनेक खण ठेवणारे ‘हॅश’ आले.

क्रमवार संचाकडे लातूर जिल्ह्यातल्या वाचकाने जास्त लक्ष द्यावं. दहावी-बारावीच्या निकालांपासून नीटपर्यंत ‘लातूर पॅटर्न’ची सगळी शिस्त सराव परीक्षा आणि त्यांच्या गुणवत्ता यादीवर उभी आहे. ‘झेडॲड’ने विद्यार्थ्याचं नाव आणि गुण दिले की यादी प्रत्येक नोंदीबरोबर स्वतःच लागत जाते, आणि ‘झेडरेव्हरँक’ विचारल्याबरोबर वरून कितवा क्रमांक हे सांगते. पंचवीस हजार विद्यार्थी असले तरी उत्तराला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. पण दोघांचे गुण सारखे असतील तर? रेडिस तेव्हा नावांच्या अक्षरक्रमाकडे पाहतो. वरून खाली येणाऱ्या यादीत हा क्रम उलटा होतो, म्हणून सारख्या गुणांच्या आरती आणि सुनीता यांच्यात सुनीता वर जाते. तिने काही जास्त केलेलं नाही, तिच्या नावाचं पहिलं अक्षर वर्णमालेत नंतर येतं एवढंच. नीटमध्ये बरोबरी झाली तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहण्याची रीत आहे. ती इथे आणायची तर एकूण गुणांना मोठ्या आकड्याने गुणून त्यात जीवशास्त्राचे गुण मिळवावे लागतात, म्हणजे एकाच संख्येत दोन्ही निकष बसतात. संख्येलाही मर्यादा आहे: रेडिस ती ज्या रूपात ठेवतो त्यात सुमारे नव्वद कोटी कोटीपर्यंतचे पूर्णांकच अचूक राहतात. एका मुलीचा क्रमांक ठरवणारा हा निर्णय कमांडने घेतलेला नाही. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने घ्यायचा होता, आणि त्याने घेतला नाही तर यंत्राने आपल्या सोयीने घेतला. गुणवत्ता यादी छापण्यापूर्वी तिच्या मागची कमांड वाचता येणारा एक तरी माणूस त्या संस्थेत असावा, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

तिसरी बाजू इतरांच्या वेळेची. सगळ्या कमांड एकाच रांगेतून जातात, याचा लाभ वर पाहिला. त्याची किंमतही आहे. ‘कीज’ ही कमांड साठ्यातली सगळी नावं शोधून देते. शंभर नोंदींवर ती निरुपद्रवी आहे. कोटभर नोंदींवर तिचं काम संपेपर्यंत मागचे सगळे थांबतात. म्हणून ‘स्कॅन’ आहे, ती थोडी थोडी नावं देते आणि मध्ये इतरांना जाऊ देते. बदल्यात एखादं नाव दोनदा येऊ शकतं, ते आपण सांभाळायचं. रेडिसच्या अधिकृत माहितीत प्रत्येक कमांडसमोर ती किती वेळ खाईल याचा हिशोब दिलेला असतो. शिकणाऱ्याने कमांडचा वापर वाचण्याआधी ही ओळ वाचावी. ‘फ्लशऑल’बद्दल एवढंच सांगतो की ती सगळा साठा पुसते आणि खात्री करून घेण्यासाठी काहीही विचारत नाही.

मराठवाड्यात हा विषय काढला की वीज जाण्याचा मुद्दा येतोच. वीज गेली की रॅम रिकामी होते, मग अशा साठ्यावर विश्वास कसा ठेवायचा? आडत दुकानात ज्याने हिशोब पाहिला आहे त्याला याचं उत्तर ओळखीचं वाटेल. व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत ओळीमागे ओळ लिहिला जातो आणि खतावणीत प्रत्येकाच्या खात्याची स्थिती दिसते. रेडिसकडे या दोन्ही सोयी आहेत. ठरावीक अंतराने तो संपूर्ण साठ्याची प्रत डिस्कवर उतरवतो. शिवाय, आपण सुरू केलं तर, प्रत्येक बदल करणारी कमांड एका फाइलच्या शेवटी लिहीत जातो. ही दुसरी सोय मुळात बंद असते; चालू केल्यावर दर सेकंदाला डिस्कवर पक्की करण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे वीज गेली तर साधारण सेकंदभराचं काम बुडतं. सेकंदभराचं नुकसान चालेल का, हे माहितीवर अवलंबून आहे. ओटीपी बुडाला तर माणूस दुसरा मागवतो, पतसंस्थेतल्या ठेवीची नोंद बुडून चालणार नाही. रेल्वेच्या उदाहरणातही आसन कोणाचं याचा अंतिम निवाडा मेमरीतल्या साठ्यात होत नाही, तो मागच्या आरक्षण यंत्रणेत होतो. तेव्हा विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या नोंदीबाबत किती ठेवावा असं विचारलं तर त्याला उत्तर देता येतं, आणि ते देण्यासाठी लागणारं ज्ञान याच कमांडमध्ये आहे.

पुढचा आक्षेप आजचा आहे. पायथन किंवा जावामधून काम करताना कमांड कोणी हाताने लिहीत नाही, त्या लायब्ररीच्या आड राहतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की सगळा प्रोग्राम तयार मिळतो. मग टर्मिनलसमोर बसून एकेक कमांड टाइप करायला कशाला शिकायचं? याचं उत्तर वरच्या उदाहरणांतच आहे. ‘गेट’ करून ‘सेट’ करणारा प्रोग्राम चालतो. ‘इन्कर’नंतर ‘एक्सपायर’ लावणारा प्रोग्रामही चालतो. चाचणीत दोन्ही पास होतात, कारण चाचणी घेणारा एकटा असतो आणि वीज चालू असते. चूक कळते ती गर्दीच्या दिवशी, आणि तेव्हाही ती पुन्हा घडवून दाखवता येत नाही. तयार मिळालेल्या प्रोग्राममधली अशी चूक ओळखायची तर वाचणाऱ्याला ती फट आधीपासून माहीत असली पाहिजे. लिहिण्याचं काम यंत्राकडे गेलं तितकं वाचण्याचं काम माणसाकडे वाढलं आहे, आणि नीट वाचायला शिकायचं तर आधी काही दिवस हाताने लिहावं लागतं. टर्मिनलवर कमांड टाकावी, उत्तर पाहावं, दुसऱ्या खिडकीतून तीच नोंद बदलावी आणि काय होतं ते पाहावं. एवढ्या थेटपणे हाताळता येणारी यंत्रं फार नाहीत.

आणखी एक शंका मालकीची. रेडिसचा परवाना वर्षानुवर्षं अगदी मोकळा होता. मार्च २०२४ मध्ये रेडिस सांभाळणाऱ्या कंपनीने तो बदलून निर्बंध घातले. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छायेखाली ७.२.४ या शेवटच्या मोकळ्या आवृत्तीवरून ‘व्हॅल्की’ हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. पुढे मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीसोबत रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना, एजीपीएल, उपलब्ध करून दिला. ज्या गोष्टीचा मालक आणि परवाना असा बदलतो तिच्यावर पुस्तक लिहून उपयोग काय, असं कोणी विचारेल. मला मात्र या घटनेतून उलटच दिसतं. कंपन्या वेगळ्या झाल्या, नावं वेगळी झाली, पण या पुस्तकातली प्रत्येक प्राथमिक कमांड दोन्हीकडे तशीच चालते. पंधरा वर्षांत सॉफ्टवेअरच्या जगात एवढं स्थिर राहिलेलं थोडंच आहे. शिकण्यासाठी काही निवडायचं तर वस्तूपेक्षा तिच्या कमांड निवडाव्यात, हे यातून अधिकच पटतं.

खर्चाचा प्रश्न इथे जवळजवळ नाही. रिकामा रेडिस काही एमबी मेमरीत चालतो आणि जुन्या लॅपटॉपलाही तो जड जात नाही. साध्या संगणकावरही सेकंदाला लाखाच्या आसपास साध्या कमांड तो पार पाडू शकतो. चाकूर, उदगीर किंवा देगलूरच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत आज जे संगणक आहेत त्यांवर हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करून पाहता येईल. मात्र एक पथ्य पाळावं: सराव करताना रेडिस आपल्याच संगणकापुरता ठेवावा. त्याचं ६३७९ क्रमांकाचं दार इंटरनेटवर पासवर्डविना उघडं टाकलं तर ते शोधत फिरणारे प्रोग्राम अनेक आहेत, आणि ३.२ या आवृत्तीत संरक्षणाची वेगळी सोय घालावी लागली ती याच अनुभवामुळे.

अनेक सर्व्हर एकत्र जोडणं, ‘स्ट्रीम’ आणि लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट या गोष्टी पुस्तकात घेतलेल्या नाहीत, आणि ते योग्यच झालं. त्या पुढच्या टप्प्याच्या आहेत. ‘मल्टी’ आणि ‘एक्झेक’ मात्र घेतल्या आहेत. त्या प्रकरणापाशी वाचकाने जरा रेंगाळावं. ‘मल्टी’ म्हटल्यानंतरच्या कमांड एकत्र साठतात आणि ‘एक्झेक’ म्हटल्यावर मध्ये कोणालाही न घेता सलग चालतात. पण त्यांतली एखादी चालताना चुकली तर आधीच्या परत फिरवल्या जात नाहीत आणि नंतरच्याही थांबत नाहीत. नेहमीच्या डेटाबेसची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. म्हणून त्या प्रकरणातला चौथा सराव सोडवल्याशिवाय पाचव्याकडे जाऊ नये.